खोडाच्या डोंगरीची तुटलेली वाट

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरवाट आहे. गोंदिया जिल्ह्यात, चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे, साग, ऐन आणि बांबूच्या रानात एक डोंगरी आहे. तिच्या पायथ्याच्या हिरडाटोल्यातले लोक तिला खोडाची डोंगरी म्हणतात. मी तिच्या माथ्यापर्यंत जात असे. आता मी अर्ध्यावरच संपते.

मला कोणी आखून बनवले नाही. मोहफुलांच्या वासाने आधी अस्वले वर चढली. मग टोपल्या घेऊन माणसे आली. त्यांच्या पायांनी गवत दबले, खडे बाजूला झाले आणि माझा जन्म झाला.

माझ्या मधल्या वळणाखाली एक भले मोठे खोड आडवे पडले होते. सालीच्या रेषा, फांदीच्या गाठी, सगळे त्यावर दिसे; पण कुऱ्हाड लागली की ठिणगी उडे. एकदा नागपूरहून एक प्राध्यापक आले. त्यांनी गावकऱ्यांना सांगितले, की फार फार पूर्वी हे झाड चिखलात गाडले गेले आणि हळूहळू त्याचा दगड झाला. आसपासच्या पातळ दगडांत पानांचे ठसेही त्यांनी दाखवले. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. वळणावरची सगळी माती त्या खोडाला टेकून उभी होती. हे मला ठाऊक होते आणि शालीकरामला.

शालीकराम जंगलात मजुरी करून म्हातारा झालेला माणूस. दरवर्षी पावसाळा संपला की फावडे घेऊन तो माझी डागडुजी करी. पाणी माझ्यावरून वाहू नये म्हणून कडेने चर काढी. गावात पर्यटन समिती झाली, तेव्हा त्याची सून रुख्मा गाईड झाली. खाकी शर्ट घालून ती शाळांच्या सहली वर नेई. मुले दगडातल्या पानावर बोट फिरवत आणि त्याच्या शिरा मोजत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लोक खोडाचे तुकडे नेऊ लागले. आधी बोटाएवढे, मग मुठीएवढे. आणि एका मे महिन्यात, सारा गाव तेंदूपाने तोडायला गेलेला असताना, गोंदियाचा उमेंद्र नावाचा रिसॉर्टवाला पहारी, साखळदंड आणि ट्रॅक्टर घेऊन आला. वळणाखाली गाडीरस्त्यापासून जुनी चाकोरी होती, तिच्यावरून ट्रॅक्टर खोडापर्यंत पोचला. आवाज ऐकून रुख्मा धावत आली.

"हे काऊन काढून राहिले तुमी?"

"ताई, पत्थर तर आहे. बगीचेमध्ये ठेवतो, लोक आरामसे पाहतील. तुमच्या अध्यक्षांना विचारलं आहे मी."

समितीचे अध्यक्ष दुर्गाप्रसाद यांनी खरेच होकार दिला होता. रुख्मा ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. तिला दोघांनी बाजूला केले. खोडाचे जाड टोक कडकडत तुटून बाहेर आले; बाकीचे मातीतच राहिले. त्याच्या जागी पडलेल्या खड्ड्यात लाल माती आपोआप घरंगळू लागली. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले.

पावसाळ्यात माझ्या खालचा झरा गढूळ झाला. पाऊस थांबला, तरी तो निवळला नाही. कडेची ऐनाची झाडे उताराकडे कलली. रोज माझ्यावरून चालत जाणारी माकडे वळण आले की झाडावर चढत आणि वरूनच पलीकडे जात. माझ्या अंगावर केसाएवढी भेग पडली होती. शालीकरामने तिच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकल्या. दर आठवड्याला तो मधले अंतर बोटांनी मोजी. दोन बोटे. चार बोटे. दसऱ्यापर्यंत वीतभर.

"सूनबाई, डोंगरी सरकून राहिली," तो रुख्माला म्हणाला.

दोघे दुर्गाप्रसादांकडे गेले.

"पाण्यानं भेगा पडतेच गा, शालीकराम," ते म्हणाले. "आता सीझन सुरू होऊन राहिला. कायले भेव दाखवतं लोकायले?"

वाट उघडीच राहिली.

नोव्हेंबरमध्ये सौंदडहून एका शाळेची सहल आली. चाळीस मुले आणि त्यांच्या नीतू मॅडम. रुख्माने त्यांना वळणाच्या अलीकडच्या कातळावर थांबवले.

"मॅडम, इथूनच परत फिरायचं."

"अहो ताई, मुलं ते दगडी झाड बघायलाच तर आली आहेत. दहा मिनिटांत परत येऊ."

मुलांनी गलका केला. दोघीतिघी तर पुढे निघाल्याही. रुख्माने हात आडवे करून त्यांना अडवले. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात मागून काठी टेकत शालीकराम आला.

"मी पाहून येतो. तोवर कोणी हालू नोका."

"मामाजी, तुमी नोका जाऊ."

"मले वाट ठाऊक आहे."

मित्रांनो, त्याचा माझ्यावर भरवसा होता. आणि माझ्यात त्याला पेलण्याचे बळ उरले नव्हते.

तो खुंट्यांपाशी पोचला. एकही पाखरू बोलत नव्हते. त्याच्या पायाखालून दोनचार खडे निसटले आणि खाली जाऊन बराच वेळ वाजत राहिले. त्याने वाकून पाहिले. एक खुंटी जागेवर नव्हती. तो वळला आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"मागं न्या! पोरायले मागं न्या!"

रुख्माने पुढच्या मुलींना दंडाला धरून मागे ओढले. मॅडमनी बाकीच्यांना ढकलत उताराने खाली पळवले. मग जाड कापड फाटावे तसा आवाज झाला. ऐनाची झाडे उभीच्या उभी खाली सरकली. माझे अख्खे वळण गेले आणि त्याबरोबर शालीकरामही गेला.

धूळ बसली तेव्हा नीतू मॅडम जमिनीवर बसून मुले मोजत होत्या. चाळीस भरली तरी पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या. एकाही मुलाला खरचटले नव्हते. रुख्मा मात्र मातीत हातांनी उकरत हाका मारत होती. "मामाजी! ओ मामाजी!"

मुळांच्या जाळ्यात तो जिवंत सापडला. गावकऱ्यांनी बाजेवर घालून त्याला खाली नेले. त्याचा उजवा पाय वाचला नाही. दुर्गाप्रसाद दवाखान्यात भेटायला गेले आणि खाटेशेजारी मान खाली घालून उभे राहिले. त्यांना पाहून शालीकराम एवढेच म्हणाला, "आता तरी बंद करा."

वाट बंद झाली. पायथ्याशी दोरी बांधली, पाटी लावली. शालीकराम कुबडी घेऊन तिथे बसतो आणि येणाऱ्यांना परत पाठवतो. काही लोक त्याचा तुटका पाय पाहून मुकाट्याने फिरतात. काही मात्र झुडपांतून वळसा घालून वर येतात आणि माझ्या तुटलेल्या कडेवर उभे राहून फोटो काढतात. त्यांच्या डोक्यावर, कातळाच्या वरच्या अंगाला, एक नवी भेग पडली आहे. ती अजून कोणी पाहिलेली नाही. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत.

मित्रांनो, डोंगरातून काही उचलताना ते कशाला धरून उभे आहे, याचा आधी विचार करा. वाट दाखवणारे माणूस थांबा म्हणाले, तर थांबा. त्याच्याशी वाद घालू नका. मला ओरडता येत नाही. मला कोणाचा हात धरता येत नाही. मला फक्त पावले कळतात.

आताही कळत आहेत. शालीकरामची कुबडी जेवणासाठी घराकडे गेली आणि दोरीखालून वाकून तिघे आत आले आहेत. पावले हलकी आहेत, मुलांची असावीत. आणि ती हसत हसत वर चढत आहेत.