हत्यारांची गाडी सणाला गेली

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी गाडी आहे, पण मला बैल नाही, घोडा नाही आणि इंजिनही नाही. तीन खण, वर उघडे ताट, मागे एक आडवा दांडा आणि खाली चार चाके, एवढाच माझा संसार. माझ्या अंगावर रंधे, पटाशा, कानशी आणि हातोड्या राहतात. लुके गावात, घरामागच्या आंब्याखाली जो लहानसा कारखाना आहे, तिथेच माझा जन्म झाला.

कारखान्याच्या मालकीण न्या देओलिंदा. गल्लीतले सगळे त्यांना मानाने न्या म्हणतात. त्या हार्प बनवतात. माणसाएवढ्या उंच त्या वाद्याचे पोट तासताना त्या लाकडाला कान लावून ऐकतात. त्यांचे पती तेओफिलो यांनी जन्मभर बस चालवली. करवत मात्र कधी हातात धरली नव्हती.

भाचीच्या लग्नात नाचताना न्या देओलिंदा पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण चाल लंगडी राहिली. डॉक्टरांनी काठी दिली. ती त्यांनी दाराआड ठेवली, ती ठेवलीच. काठी टेकत जाताना मला कोणी पाहायचे नाही, असे त्यांनी घरात सांगून टाकले. बाजार बंद झाला, देवळात जाणे बंद झाले. कारखान्यात हत्यारे एका भिंतीवर आणि टेबल दुसऱ्या टोकाला. एकेका पटाशीसाठी भिंत धरून जायचे, भिंत धरून यायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी अर्धवट हार्पवर चादर घातली आणि आता पुरे झाले म्हणाल्या.

तेओफिलोंनी घरातले जुने कपाट मोडले आणि आंब्याखाली करवत चालवायला बसले. तिचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू जात होता. बराच वेळ कळ काढून न्या देओलिंदा खिडकीतून म्हणाल्या, "तेओफिलो, ती करवत आहे, ब्रेक नाही. इतकी दाबू नकोस."

पण त्याने काही सुधारणा झाली नाही. माझे खण इतके घट्ट बसले की तेओफिलो ओढत राहिले आणि खणाऐवजी मीच पुढे आले. तेव्हा मात्र न्या देओलिंदांना राहवेना. त्या भिंत धरत बाहेर आल्या, नवऱ्याच्या हातून रंधा घेतला, खणांच्या कडा तासल्या आणि त्यांवर मेणबत्ती घासायला लावली. खण लोण्यासारखे सरकू लागले. त्या दिवशी त्या दुपारभर कारखान्यात थांबल्या.

मी पूर्ण झाले तेव्हा त्यांनी दोन्ही हात माझ्या दांड्यावर ठेवले आणि मला टेबलापर्यंत ढकलत नेले. अंगाचा भार टाकला तरी मी कलंडले नाही. त्यांना शंका आली. त्यांनी खालचा खण उघडला.

"इथे विटा कशाला ठेवल्यास?"

"गाडी वाऱ्याने उडून जाईल म्हणून."

"आणि दांडा बरोबर माझ्या कमरेला येतो तो?"

"मापात चुकलो असेन."

त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक बरी जमलीय." आणि हार्पवरची चादर त्यांनी काढली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस त्यानंतर आला. रोसारिओ मातेचा सण होता. सकाळीच निरोप आला की, देवळाच्या अंगणात वाजवणाऱ्या निमियाच्या हार्पचा सांधा उन्हाने उकलला आहे. न्या देओलिंदांनीच तिचा हार्प बनवला होता. तो हलवला तर सांधा पुरता फाटला असता, म्हणून त्यांनाच जावे लागणार होते. तेओफिलो शेजाऱ्याची मोटार मागायला निघाले. न्या देओलिंदांनी त्यांना थांबवले. हत्यारे गाडीत आहेत, गाडी ढकलत मीच जाईन, म्हणाल्या.

आणि आम्ही रस्त्यावर आलो. दगडी रस्त्यावर माझी चाके खडखडत होती, पटाशा नाचत होत्या. दारादारांतून लोक बघू लागले. चिपाच्या पावांची टोपली डोक्यावर घेतलेल्या पेत्रोनाने विचारले, "न्या देओलिंदा, विकायला काय काढलंय?"

"लांब जिभांसाठी रंधा आहे. तुला देऊ?"

पेत्रोना इतकी हसली की टोपली दोन्ही हातांनी धरावी लागली. ती आमच्याबरोबरच चालू लागली.

देवळाजवळच्या गटारात माझे पुढचे चाक अडकले. मी झुकले. न्या देओलिंदांचा सगळा भार माझ्यावर होता. मी पडले असते तर त्या पडल्या असत्या आणि पुन्हा कधीच घराबाहेर आल्या नसत्या. मला फार भीती वाटली. पण खालच्या विटांनी मला धरून ठेवले. पेत्रोना आणि तेओफिलो यांनी मला उचलून पलीकडे ठेवले.

निमिया रडवेली होऊन बसली होती. न्या देओलिंदांनी तारा सैल केल्या, सांधा साफ केला, सरस भरला आणि शिकंज्यांनी आवळला. सरस वाळेपर्यंत थांबणे आले. एकेक जण येऊन शेजारी बसू लागला, तेरेरे या पानांच्या गारेगार पेयाचा पेला हातोहात फिरला. इतके दिवस न भेटलेल्या सगळ्यांना त्या एका दुपारी भेटल्या. पायाबद्दल कोणी विचारले नाही. सगळे माझ्या खणांची चौकशी करत होते.

ऊन उतरले तेव्हा हार्प वाजला. अंगण नाचू लागले. तेओफिलोंनी हात पुढे केला. न्या देओलिंदांनी एक हात त्यांना दिला, दुसरा माझ्या दांड्यावरच राहू दिला, आणि आम्ही तिघे नाचलो. माझे एक चाक सतत चुकीच्या बाजूला वळत होते. नाच तेओफिलोंनाही येत नव्हता, त्यामुळे ते खपून गेले.

पुढे वाईट दिवसही आले. ती दोघे मुलीकडे राहायला गेली, तेव्हा माझी चाके गंजली आणि वरच्या ताटात एक कोंबडी खुशाल अंड्यांवर बसू लागली. परत आल्यावर न्या देओलिंदांनी पायातले जोडेही काढले नाहीत. आधी कोंबडीला हाकलले, मला धुतले, तेल दिले.

म्हणून सांगते, मित्रांनो, वापरलेले हत्यार पुसून त्याच्या जागी ठेवा, आणि कुरकुरणाऱ्या चाकाला तेलाचा थेंब द्या. घरात कोणाचे पाय थकले असतील, तर त्यांना आधार जरूर द्या. फक्त त्याला आधार म्हणू नका.

बरं, आता मला निघायला हवे. नव्या हार्पला तारा चढवायच्या आहेत आणि न्या देओलिंदांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला आहे.