चार बोटं जास्त

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि ड्रॉवरमधून वही काढली.

"पुढच्याच आठवड्यातली तारीख मिळेल म्हणता?"

"मिळेल काय, मिळालीच समजा ताई," पलीकडून एजंट म्हणाला. "आपला माणूस आत बसलाय. तुमच्या व्हिसाच्या खात्याचा पासवर्ड सांगा, मग मोबाइलवर एक नंबर येईल तोही सांगा. बाकी माझ्यावर सोडा."

बाईंच्या व्हिसाच्या मुलाखतीला अजून चार महिने होते. परदेशात एकट्या पडलेल्या लेकीचं बाळ मात्र वीस दिवसांत येणार होतं. "तू नसशील तर मी काय करू गं?" असं परवा लेक फोनवर म्हणाली होती आणि लगेच हसून तिने विषय बदलला होता. तिच्या केसांतून हात फिरवायला बाईंचा जीव नुसता तळमळत होता.

त्यांनी वहीचं पान उघडलं. पहिली दोन अक्षरं सांगूनही झाली. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या कापडावर गेली आणि त्या थांबल्या.

"अहो, एक विचारू? मला जायचंय कुठल्या देशात?"

"ते... फॉर्मवर असेलच ना ताई. लवकर सांगा, नाहीतर ही तारीख दुसरं कुणीतरी उचलेल!"

"सव्वीस वर्षं झाली, माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावली नाही. तुम्ही मला काही न विचारता थेट बेतायलाच निघालात की!"

त्यांनी फोन ठेवून दिला. काजं-बटणं करणाऱ्या मावशी कोपऱ्यातून सगळं ऐकत होत्या.

"बरं केलंत बाई. भामटा मेला!"

"भामटाच होता," बाई म्हणाल्या. "पण मावशी, घटकाभर मी पोचले होते हो तिच्याजवळ."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आधी तो पासवर्ड बदलला.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या स्वतःच ते खातं उघडायच्या. कुणी आपली मुलाखत रद्द केली, तर ती तारीख तिथेच दिसते, असं त्यांना दूतावासाच्या मदतक्रमांकावर सांगितलं होतं. बहुतेक दिवशी काहीच दिसायचं नाही.

नात झाली. फोनच्या काचेत मुठी आवळून झोपलेली. बाईंनी आधीच शिवून ठेवलेलं इवलंसं झबलं घडी करून कपाटात ठेवलं.

"टेप लाव बरं तिला. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत किती भरतं?"

"आई, झोपलीय ती."

"मग हळूच लाव."

लेकीने आकडा सांगितला. बाईंनी कापडावर खडूने रेघ मारली, मग खाली चार बोटं ठेवून दुसरी. त्या पोचेपर्यंत पोर तेवढी वाढणार होती. कात्री लावायला काही त्यांचा हात धजेना. कापड तसंच टेबलावर राहिलं.

आठवड्याने एका सकाळी खात्यात एक तारीख दिसली, दोन महिने अलीकडची. त्यांनी ती घेतली, दोनदा वाचली, मावशींना वाचायला लावली.

मग टेबलाशी जाऊन खालची रेघ हाताने पुसली, वरच्या रेघेखाली दोनच बोटं ठेवून नवी रेघ मारली आणि कात्री उचलली.