भोपळ्यासकट ब्रिस्टलला

"एक तर तू घरी राहा, नाहीतर भोपळा राहील," असं क्लाइव्ह म्हणाला तेव्हा माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी त्याच्या डोक्यात घातली नाही, हा माझा मोठेपणा.

बेत केव्हाच ठरला होता. नॉर्थम्बरलंडहून, म्हणजे आमच्या घरून, शुक्रवारी पहाटे निघायचं. वाटेत वूस्टरजवळच्या मोठ्या भाजी-प्रदर्शनात क्लाइव्हचा भोपळा उतरवायचा आणि तसंच पुढे ब्रिस्टलला आमच्या लेकीकडे, केरीकडे जायचं. केरीच्या मेबलला मी अजून हातात घेतलं नव्हतं. पोर दीड वर्षाची झाली तरी! आधी साथ, मग टाळेबंदी, मग माझा गुडघा. दरवेळी बॅग भरली आणि दरवेळी उपसली. मेबलच्या लेखी आजी म्हणजे आईच्या फोनमध्ये राहणारी एक बाई. रोज संध्याकाळी ती आपलं बिस्किट फोनच्या काचेला लावायची, मी इकडे तोंड वासून 'आऽऽम' करायची आणि मचामचा चावल्याचं सोंग करायची. मग ती बिस्किट उलटसुलट करून बघायची. ते आपलं जसंच्या तसं! फोन बंद झाला की मी ओट्यापाशी उभी राहून थोडं रडून घ्यायची. त्यात लाज कसली?

आणि नेमकं याच आठवड्यात लोकांना पेट्रोलचं वेड लागलं. टँकर चालवायला माणसं कमी पडतायत असं बातम्यांत सांगितलं, झालं! 'घाबरू नका' असं सरकार म्हणाल्याबरोबर अख्खा देश घाबरला. आमचा शेजारी बर्नार्ड आठवड्यातून एकदा चर्चपुरती गाडी काढतो, पण त्यानेही टाकी काठोकाठ भरली आणि वर झाडांना पाणी घालायची झारी पुढे केली. आमची टाकी मात्र निम्मीच राहिली, कारण क्लाइव्हला भोपळ्यापासून हलायचं नव्हतं. प्रदर्शनाच्या तोंडावर दुसऱ्याच्या भाजीवर सुरी चालवणारे मेले आमच्याकडे आहेत. त्यामुळे नवरा आठवडाभर काचघरात खाट टाकून झोपत होता.

टेबलावर नकाशा पसरून तो म्हणाला, "ताशी पन्नास मैलांच्या वर जायचं नाही. लॉरीच्या मागेमागे राहायचं, वारा अडतो. स्टेपनी काढून ठेवू. तुझी बॅग लहान कर."

"आणि भोपळा?"

"तो कसा लहान करू?"

"माझ्यापेक्षा जड आहे तो!"

"म्हणून तर म्हणतोय. तू ट्रेनने जा ना."

"या गुडघ्याने तीन गाड्या बदलू? तुझा भोपळाच पाठव ट्रेनने. खिडकीपाशी बसव, बाहेर बघत जाईल."

शेवटी दोघंही निघालो. दोघं कसले, तिघं. मागच्या सीटवर ओल्या चादरीत गुंडाळलेला भोपळा, त्याला सीटबेल्ट. क्लाइव्ह म्हणाला, "पेट्रोल वाटेत मिळेल." मी म्हटलं, "नाही मिळालं तर रस्त्यात मुक्काम. पण मी ही बॅग आता घरी उपसणार नाही."

यॉर्कशायर येईपर्यंत जो पंप बघावा तो बंद. पंप शोधायला गावागावांत शिरलो, त्यात उलट जास्तच पेट्रोल गेलं. काटा लाल रेघेला टेकला. आणि एका छोट्या गावात शिरतो तर काय, पंपासमोर ही लांब रांग!

"रांग आहे म्हणजे पेट्रोल आहे," क्लाइव्ह खूश होऊन म्हणाला आणि शेवटी जाऊन लागला.

आमच्या मागे आणखी लागले. कुणीतरी थर्मास काढला, कुणीतरी आल्याचा केक फिरवला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. रांग काही केल्या हलेना. पुढच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्याच्या पुढच्याला माहीत असेल." आमची माणसं अशीच! रांग दिसली की उभी राहतील, पण कशाची म्हणून विचारणं त्यांना बरं दिसत नाही. मी उतरले आणि लंगडत थेट पहिल्या गाडीपाशी गेले. गाडीत कुणीच नाही! तेवढ्यात बाजूच्या केशकर्तनालयातून डोक्याला कर्लर लावलेली एक म्हातारी बाहेर डोकावली.

"माझी आहे गाडी. का हो, कुणाला आडवी येतेय का?"

आता हसावं की रडावं? मी हसले. मग मागचा हसला, त्याच्या मागचा हसला, आणि ते हसू पार शेवटच्या गाडीपर्यंत गेलं. पंपाचा मालक धावत आला. एडविन त्याचं नाव.

"अहो, पेट्रोल परवाच संपलं! पाटी लावलीय की!"

गाड्या एकेक करून वळल्या. आम्ही कुठे वळणार? एडविन आमच्या खिडकीशी वाकला आणि मागे बघून त्याने आ वासला.

"बाप रे! हा तुम्ही वाढवलात?"

"हो," क्लाइव्ह म्हणाला. त्याची मान जरा ताठ झाली.

"उद्या आमच्या गावचं भाजी-प्रदर्शन आहे. सगळे पेट्रोलमागे धावतायत, टेबलं ओकीबोकी. साहेब, माझ्याकडे गवत कापायच्या यंत्रासाठी ठेवलेले पेट्रोलचे दोन मोठे कॅन आहेत. तुम्हाला कुठवर जायचंय?"

"ब्रिस्टल," मी म्हटलं.

"आरामात पोचाल. भोपळा द्या, कॅन घ्या."

क्लाइव्हने मागे वळून भोपळ्यावरची चादर सारखी केली. उन्हाळाभर त्याने त्या भोपळ्याला कोमट पाणी पाजलं होतं, ऊन लागू नये म्हणून माझी चांगली चादर फाडली होती.

शेवटी तो म्हणाला, "रात्री ओली चादर लागते त्याला."

"घालीन."

"जमिनीवर नुसता नाही टेकवायचा. खाली गवत."

"पसरतो."

क्लाइव्ह उतरला आणि स्वतःच्या हाताने त्याने भोपळ्याचा बेल्ट सोडला. "घे बाबा. मला माझ्या नातीला बघायचंय."

भर रस्त्यात मी त्याचा मुका घेतला. चार जणांनी भोपळा ताडपत्रीवर घेऊन आत नेला, आणि कर्लरवाली म्हातारी पुढे होऊन "सांभाळा रे, सांभाळा!" म्हणून ओरडत होती.

केरीच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मेबल आईच्या पायांमागे लपली. तिने माझ्याकडे बघितलं, मग आईच्या हातातल्या फोनकडे, मग परत माझ्याकडे. बराच विचार केला. आणि हातातलं बिस्किट हळूच पुढे धरलं.

मी खाली बसले. गुडघा कळवळला, कळवळू दे. "आऽऽम!" केलं आणि खरोखरचा घास घेतला.

मेबलने बिस्किट बघितलं. अर्धं गायब! तिचे डोळे हे एवढे झाले. तिने माझ्या तोंडात बोट घालून बघितलं आणि जी खिदळायला लागली, ती थांबेचना. उरलेलं बिस्किट तिने स्वतःच माझ्या तोंडात कोंबलं. मी तिला पोटाशी धरून उठले. मी रडत होते, केरी रडत होती, पोर हसत होती.

"दे इकडे," म्हणून क्लाइव्हने दोन्ही हात पुढे केले. भोपळा तोलतो तशी त्याने ती तोलून बघितली, जरा खाली, जरा वर.

"पहिला नंबर," तो म्हणाला आणि नाक पुसायला त्याला हात मोकळा मिळेना.