गाण्याशिवाय घेतलेलं नाव

मुक्तादिर चौधुरी सात वेळा उभे राहिले, चार वेळा निवडून आले, अकरा दिवस मंत्री होते.

तुरुंगात ते मासळीचं जाळं विणायला शिकले. गाठी अजून सैल पडतात.

निरंजन तालुकदार त्यांच्याविरुद्ध पाच वेळा लढले, दोनदा जिंकले. दर ईदेला त्यांच्याच घरी शेवयांची खीर खातात आणि साखर कमी पडली म्हणतात.

चौधुरींच्या बायकोनं, जोहरा भाभींनी, त्या दिवशी सकाळीच नवऱ्याच्या बाहेर जायच्या चपला भाताच्या कणगीमागे टाकल्या.

माझ्या बॅटरी रिक्षावर दोन कर्णे आहेत. प्रचाराचं काम असलं की आधी गाणं लावतो. कुणी गेल्याची बातमी द्यायची असली की लावत नाही.

घोळ झाला तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस होता, मुदत दुपारी चारपर्यंत. चौधुरीसाहेबांचं वय एक्याऐंशी. आठव्यांदा उभं राहणार नाही, असा त्यांनी भाभींना शब्द दिला होता. पण पक्षाचा सचिव शफीउल भरलेला अर्ज घेऊन सकाळपासून ओसरीवर ठाण मांडून होता. फक्त सही राहिली होती. आणि समोर गर्दी दिसली की या माणसाच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही, हे भाभींना छप्पन्न वर्षं ठाऊक.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “कांचन, बाजारात सांगून ये, मी उभा राहत नाही. एकदा कर्ण्यातून गेलं की मलाही मागे फिरता येणार नाही.”

“गाणं कुठलं लावू?”

“उभाच राहत नाही तर गाणं कसलं रे?”

बरोबर वाटलं. गेलो तसाच. हिजलतला बाजारात मासळीच्या ओळीशी रिक्षा थांबवली आणि जरा हळू आवाजात सुरुवात केली, “सर्व बंधू-भगिनींना कळवण्यात येतं की आपले माजी खासदार, हाजी अब्दुल मुक्तादिर चौधुरी...”

पुढचं कुणी ऐकलंच नाही. मासेवाल्यानं तराजू टाकला. दुकानं धडाधड बंद व्हायला लागली. “अहो, जिवंत आहेत!” मी कर्ण्यातून ओरडलो, पण तोवर बायकांचं रडणं कर्ण्यावर चढलं होतं आणि बाजार साहेबांच्या घराकडे पळत सुटला होता.

मी पोचलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. मशिदीतून जनाज्याची खाट आलेली. कबरी खोदणारा मोमरेज खांद्यावर कुदळ घेऊन विचारत होता, “तळ्याकाठी खणू की आंब्याखाली?” साहेब ओसरीवर मुरमुरे खात बसलेले, आणि पुढची माणसं त्यांच्याकडे नुसती बघत उभी.

निरंजनबाबू धापा टाकत आले. एक चप्पल वाटेत गेली होती.

“मेला नाहीस?”

“अजून नाही. बस.”

“नालायका, नदीपासून रडत आलोय मी!”

“थोडं राखून ठेव. लागेल पुढे.”

अंगण हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, “अल्लानं चाचांना परत दिलंय! आता उभं राहायचंच!” मग सगळेच ओरडायला लागले. शफीउलनं पेन उघडून पुढे केलं. साहेबांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी ओळखतो. हात पेनाकडे निघालासुद्धा.

“रडून झालं का सगळ्यांचं?” दारातून भाभींचा आवाज आला.

सगळे दाराकडे वळले.

“मग ज्याला पोचवायला आलात तो उमेदवार गेला. त्याला खुशाल न्या. उरलाय तो माझा आहे, आणि तो आता पाहुण्यांना जेवायला वाढणार आहे. मोमरेज, कबर राहू दे. चूल खण.”

मोमरेजनं चूल खणली. भाताची मोठी पातेली चढली, नदीवरून दोन मोठे बोआल मासे आले. साहेबांनी लुंगी वर खोचली आणि स्वतः वाढायला निघाले. एकेकाला नावानं हाक, मग भात, मग रस्सा. शफीउल अर्ज हातात धरून मागे मागे.

“सर, सव्वातीन झाले.”

“आधी जेव.”

“सर, कचेरी...”

“डोकं वाढा रे याला, मोठं.”

या घरात वाढलेलं संपवल्याशिवाय उठता येत नाही, आणि बोआलचं डोकं काही घाईनं खायची वस्तू नव्हे. शफीउल बिचारा काटे काढत राहिला. ताट रिकामं होतंय असं दिसलं की साहेब आणखी भात टाकायचे.

“वाजले चार,” निरंजनबाबू बोटं चाटत म्हणाले.

“वाजले का?” साहेब म्हणाले. अंगणभर एकदा बघून घेतलं आणि डाळीची पळी घेऊन पुढच्या पंगतीकडे वळले. दारात भाभी लिंबं चिरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हसत होत्या.

पहिली निवडणूक साहेब एकोणीस मतांनी हरले, त्या संध्याकाळी या अंगणात कुणीही आलं नव्हतं.