तळाची चीर

संग्रहालयाच्या बाईंनी वाडगा उचलला आणि सरळ पालथा केला. आई फडकं घेऊन पुढे सरकली.

"तो नका बघू," तिचे यजमान, बशीवाले, घाईघाईने म्हणाले. "फुटका आहे. चुकून पुढे राहिला."

गल्लीत सगळे त्यांना बशीवाले म्हणत, आणि त्यांना ते आवडे. तीन काचेची कपाटं, बावन्न जुनी चिनी भांडी, किल्ली कायम खिशात. घरातली माणसं चहा मात्र जाड काचेच्या पेल्यातून प्यायची. आता प्रदर्शनासाठी सहा भांडी निवडायला म्हणून बाई आल्या होत्या आणि सकाळपासून बशीवाल्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आईने भांडी पुसून मांडली होती. त्या गडबडीत हा निळ्या माशांचा वाडगा खालच्या फळीवर मागे सरकवायचा राहून गेला.

"कोणी फोडला?" बाईंनी विचारलं.

"मुलीने. अकरा वर्षांची होती. कितीदा बजावलं होतं हात लावू नकोस म्हणून. पण ऐकेल तर शपथ!"

स्वच्छ टेबल आईने फडक्याने पुन्हा एकदा पुसलं.

त्या दिवशी पोरीच्या एका हातात हा वाडगा होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या तळाला चिकटवलेला दुकानदाराचा पिवळा कागद. कागदाखाली बोटभर चीर. "मी फक्त कागद सोलला, चीर आधीच होती," पोर रडून रडून सांगत होती. बशीवाल्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांनी पारखून आणलेली वस्तू आधीच चिरलेली असेल, हे कसं शक्य आहे? तीन दिवस ते लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आईच तिला स्वयंपाकघराच्या दाराआड घेऊन गेली. "हो म्हण आणि मोकळी हो गं बाई. तुझं काय जातंय?" पोर तिच्याकडे बघत राहिली. मग बाहेर जाऊन हो म्हणाली.

पुढे शिकायला म्हणून गेली ती गेलीच. वर्षातून एकदा येते, दोन दिवस राहते. कपाटांच्या खोलीत हात पाठीमागे बांधून उभी राहते, पाहुण्यासारखी. स्वतःच्या मुलाला मात्र तिने अजून एकदाही आणलेलं नाही. प्रवास झेपत नाही त्याला, म्हणते. सहा वर्षांचा झाला नातू, आणि आजीने त्याला पाहिलंय ते फक्त फोनवर.

बाई वाडगा घेऊन खिडकीपाशी गेल्या. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत होत्या.

"हा फुटलेला नाहीये."

"म्हणजे?"

"चिरेवरून नख फिरवून बघा. अडकत नाही. वरची काचेसारखी झिलई आत उतरलीय. म्हणजे आधी चीर गेली, मग भट्टीत झिलई वितळून तिच्यात भरली. भट्टीतून हा असाच बाहेर आलाय, दोन-तीनशे वर्षांपूर्वी. विकणाऱ्याने वर कागद चिकटवून झाकलं असेल. करतात तसं."

बशीवाल्यांनी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा असा काही खुलला, की आईला वाटलं, आता हे लेकीचं नाव काढणार.

"धड आहे! अगं, धड आहे हा!" ते म्हणाले. "मला शंका होतीच म्हणा."

होती? आई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. शंका होती, मेल्या?

बाई सहा भांडी ठरवून गेल्या, त्यात हा वाडगाही होता. बशीवाल्यांनी तो वरच्या फळीवर, मधोमध ठेवला.

"पोरीला फोन करा," आई म्हणाली.

"कशाला?"

"तिने फोडला नव्हता हे सांगायला."

"आता सव्वीस वर्षांनी काय उकरून काढायचं? आणि तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. मी काय तिच्या तोंडात शब्द घातले होते?"

नव्हते घातले. आईने घातले होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराआड उभी राहून तिने स्वतःच फोन लावला.

"बाळा, तो माशांचा वाडगा आहे ना... तू नव्हतास फोडला."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"कोण म्हणालं?"

"संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. भिंग लावून बघितलं त्यांनी. चीर आधीचीच होती."

"हो. आधीचीच होती."

"मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मी सांगितलं होतं, आई." लेकीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "त्या बाईंचं लगेच पटलं तुला."

बाहेर बशीवाले कपाटाला कुलूप लावत होते.

"या वेळी त्याला घेऊन येशील?" आईने विचारलं. "आता कोणी काही बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

लेकीने नळ पुन्हा सुरू केला.

"त्याला प्रवास झेपत नाही, आई."

मागे नातू कुठल्याशा गाडीचा आवाज काढत घरभर पळत होता. आईने तो ऐकला.

"हो," ती म्हणाली. "नाही झेपत त्याला."