रुजारची घंटा

वाडीतल्या चर्चची घंटा फार पूर्वी एका फुटलेल्या फ्रेंच गलबतातून काढून आणलेली, असे जुनी माणसे सांगत. कुणी गेले की कातरीनचा नवरा पेद्रू ती वाजवी. खाडीपल्याड जाळी ओढणारेसुद्धा त्या नादाने थांबत. पण पेद्रू स्वतः गेला, तेव्हा चर्चसमितीचा अध्यक्ष रुजार म्हणाला, "मनोरो धोक्याचो आसा. भोंगो लावा." साऱ्या गावाला घंटेने पोचवणारा पेद्रू भोंग्याच्या खरखरीत मातीआड झाला.

कातरीनने ते गिळले नाही. उद्या घंटा उतरवून विकायची, हे रुजारने ठरवल्याचे कळताच ती सांजेला मनोऱ्याखाली गेली आणि दोर ओढू लागली. एक ठोका, लांब शांतता, पुन्हा ठोका. मयताचीच घंटा ती.

माणसे धावत आली. "कोण गेलो गो, कातरीनवयनी?"

"रुजार," ती म्हणाली.

मेणबत्त्या घेऊन गाव रुजारच्या अंगणात जमला. कातरीनही मागून आली.

"आता घंटा तरी ऱ्हवतली," कुणी पुटपुटले.

"नवो अध्यक्ष कोण रे?" दुसऱ्याने विचारले.

इतक्यात बांगड्याच्या कालवणाने माखलेला हात घेऊन रुजार दारात आला. "मेल्यांनो, मी जितो आसंय!"

"म्हायत आसा," कातरीन शांतपणे म्हणाली. "फक्त बघूचा होता, तुझ्यासाठी रडता कोण."

रुजारने एकेक चेहरा पाहिला. सगळ्यांचे डोळे कोरडे होते.