सूचक कोण?

सरांना जगभरातल्या मतपत्रिकांचं वेड. कायदा शिकवून निवृत्त झाले आणि पुढची खोली जुन्या राज्यघटनांनी, निवडणूक कायद्यांनी भरून टाकली. सिस्टर म्हणजे त्यांची बायको. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे अख्खी वस्ती तिला सिस्टरच म्हणे.

वस्तीतला बाळंतिणींचा दवाखाना बंद करायचं घाटत होतं. लोक सिस्टरच्या मागे लागले, पालिकेच्या निवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा. नको नको म्हणता ती तयार झाली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मोठ्या हौसेने तिच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही केली.

"अहो, अर्जावर एकदा नजर घाला. उद्या शेवटचा दिवस आहे."

त्याच सकाळी सरांचं पार्सल आलं होतं. नकाशावरून केव्हाच पुसल्या गेलेल्या एका देशाची मतपत्रिका. चादरीएवढी लांब. सर भिंगातून एकेक चिन्ह बघण्यात गुंग.

"ठेव तिथे." थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाले, "ठीक आहे सगळं. दे जाऊन."

छाननीला दोघं गेले. निवडणूक अधिकारी सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने अर्ज उलटसुलट पाहिला आणि चष्मा काढला.

"सूचक या प्रभागातला मतदार नाही, सर. त्याचं दुकान इकडे, पण घर रस्त्यापलीकडे. अर्ज बाद करावा लागेल."

सर उसळले. कुठल्या देशात सूचकच लागत नाही, कुठे चूक सुधारायला मुदत मिळते, सगळं त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण इथे तसं नाही ना, सर. तुम्हीच शिकवलंत."

 सिस्टरने अर्जाची प्रत घडी करून पर्समध्ये टाकली. "चला," एवढंच म्हणाली. रस्त्यात शिंपी भेटला. तो रडवेला झाला, तर उलट तिनेच त्याची समजूत घातली.

मतदानाच्या दिवशी ती सर्वांच्या आधी रांगेत होती. घरी आल्यावर सरांनी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"मत गुप्त असतं."

ती असं तोडून कधी बोलत नसे. सर दिवसभर त्या तीन शब्दांपाशीच घुटमळत राहिले.

वर्षाच्या आत दवाखान्याला कुलूप लागलं. पुढच्या निवडणुकीला सर स्वतः कोरा अर्ज घेऊन आले. सूचकाचं घर, यादीतलं नाव, सगळं पारखून. सिस्टर गुडघ्याला तेल लावत बसली होती.

"आता कशाला? जो वाचवायचा होता तो दवाखानाच राहिला नाही."

"माझं चुकलं गं."

"चुकलंच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांना ते जास्तच लागलं.

आता सकाळी पुढच्या खोलीत बायाबापड्या येतात. सिस्टर बाळांची वजनं करते, पोटं चाचपते, अवघड दिसलं तर लांबच्या इस्पितळात धाडते. सरांची पुस्तकं, मतपत्रिका सगळं माळ्यावर गेलं. सर दारात खुर्ची टाकून बसतात, रडणाऱ्या पोरांना खेळवतात आणि आतून हाक आली की पुढच्या बाईला म्हणतात, "जा पोरी, तुझा नंबर."